रस्ता बंद, मग गाडी कुठे?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे ठाण्यातली तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, आणि राम मारुती रोड तरुण मुलामुलींनी भरून जातात. गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा याच भागातून फिरते. दहीहंडीला टेंभी नाका आणि जांभळी नाका, गणपतीत दीड दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत मासुंदा तलावावरची विसर्जनं, नवरात्रात नऊ रात्री पुन्हा टेंभी नाका. ठाण्याच्या जुन्या गावातला हा जेमतेम दीड किलोमीटरचा तुकडा वर्षातून कितीतरी वेळा वाहनांना बंद होतो. प्रत्येक वेळी तीच ठिकाणं, तेच चौक, तेच बॅरिकेड. तारखा तर पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात.

रस्ते बंद करण्याला आमचा विरोध नाही, उलट ते आणखी ठामपणे बंद व्हावेत असं वाटतं. हजारो माणसं पायी चालत असताना त्यांच्यातून एखादी मोटार हॉर्न वाजवत पुढे सरकते, हे चित्र कोणत्याही सणाला शोभत नाही आणि सुरक्षितही नाही. तक्रार वेगळी आहे. रस्ता बंद झाल्याचं कागदावर येतं, पण त्या रस्त्यावर येणारी गाडी उभी कुठे करायची, हे बहुतेक वेळा त्याच कागदावर येत नाही. सणाच्या दिवशी ठाण्यात होणारी कोंडी मुख्यतः याच रिकाम्या जागेतून जन्माला येते.

वाहतूक शाखेची अधिसूचना कधी नीट वाचून पाहा. तिची ठरलेली मांडणी असते. आधी ‘प्रवेश बंद’: अमुक चौकाकडून तमुक नाक्याकडे जाणाऱ्या सर्व प्रकारच्या वाहनांना मनाई. खाली ‘पर्यायी मार्ग’: सदर वाहने इकडून वळून तिकडून इच्छित स्थळी जातील. मग वेळ, जी अनेकदा सकाळी अमुक वाजल्यापासून ‘कार्यक्रम संपेपर्यंत’ अशी मोघम असते. शेवटी पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि अत्यावश्यक सेवेतल्या वाहनांना सूट.

यातला ‘पर्यायी मार्ग’ हा भाग कामाच्या दिवसासाठी लिहिल्यासारखा आहे. एरवी गडकरी चौकातून टॉवर नाक्याकडे जाणारा माणूस पुढे कोर्ट नाका, कळवा असा कुठेतरी निघालेला असतो. त्याला दुसरा रस्ता दाखवला की प्रश्न मिटतो. सुट्टीच्या दिवशी मात्र बहुसंख्य गाड्या तलावपाळी ओलांडायला आलेल्या नसतात, त्या तलावपाळीलाच आलेल्या असतात. त्यांचं ‘इच्छित स्थळ’ हाच बंद केलेला भाग. त्यांना कितीही पर्यायी मार्ग सांगा, त्या फिरून फिरून त्याच परिसरात येणार आणि जागा शोधत राहणार. पार्किंग शोधणारी गाडी ताशी आठ-दहा किलोमीटरने चालते, प्रत्येक फटीपाशी थबकते, आणि तिच्यामागच्या सगळ्यांना त्याच वेगाने चालायला लावते. अशा शंभर गाड्या नौपाड्यात शिरल्या की गोखले रोडवर काहीही न घडता तो ठप्प होतो.

दुसरी अडचण बॅरिकेडपाशीच असते. बहुतेक मोटारींची वळण्याची त्रिज्या पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे एका दमात वळून परत फिरायला साडेदहा-अकरा मीटर मोकळा रस्ता हवा. चरई, खारकर आळी, घंटाळी या भागातल्या किती रस्त्यांना तेवढी रुंदी आहे? दोन्ही कडांना स्कूटर उभ्या असल्या की उरलेल्या जागेत मागे-पुढे करत तीन-चार वेळा गाडी फिरवावी लागते. पण बॅरिकेडपाशी थांबलेल्या मोटारीच्या मागे दहा सेकंदांत आठ दुचाकी आणि दोन रिक्षा येऊन टेकलेल्या असतात, आणि मग ती मागेही येऊ शकत नाही. तिथला हवालदार शिट्टी वाजवत आधी रिक्षा मागे ढकलतो, मग दुचाकी, मग मोटारीला जागा करून देतो, तोवर नव्या गाड्या येतात. चूक त्याची नसते. बंदीची पाटी चुकीच्या जागी लावलेली असते. ती बॅरिकेडवर नव्हे, गाडी न थांबवता वळता येईल अशा शेवटच्या मोठ्या चौकात हवी. मुलुंडकडून येणाऱ्याला तीन हात नाक्यावर, घोडबंदरकडून येणाऱ्याला कॅडबरी जंक्शन किंवा नितीन कंपनीपाशी, कळव्याकडून येणाऱ्याला पूल चढण्याआधी, खोपटकडून येणाऱ्याला मीनाताई ठाकरे चौकात. तिथे कळलं तर माणूस निर्णय घेऊ शकतो. टेंभी नाक्याच्या तोंडाशी कळून तो फक्त अडकतो.

त्या पाटीवर काय लिहावं, हेही महत्त्वाचं. ताशी चाळीस किलोमीटरने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. पाटी दिसल्यापासून ती मागे पडेपर्यंत चालकाच्या हाती तीन-चार सेकंद असतात. एवढ्यात दोन ओळी वाचून होतात: ‘तलावपाळी बंद, रात्री ११ पर्यंत’ आणि ‘पार्किंग: वागळे इस्टेट, बस मोफत’. अधिसूचनेचा अख्खा मजकूर फ्लेक्सवर छापून दुभाजकाला बांधला, तर तो फक्त बांधणारा वाचतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम ११५ वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार देतं. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिलीच पाहिजे, असं त्याच कलमाचं परंतुक (अपवाद सांगणारी जोडतरतूद) म्हणतं. एक दिवस आधी वृत्तपत्रांकडे पाठवलेलं पत्रक आणि समाजमाध्यमावर टाकलेला त्याचा फोटो ही त्या दिवसाच्या गर्दीच्या मानाने शक्य तेवढी प्रसिद्धी म्हणता येईल का? रस्त्यावरच्या माणसाला रस्त्यावरच सांगायला हवं. मोबाइलमधल्या नकाशावर भिस्त ठेवून चालत नाही, कारण तात्पुरती बंदी कोणी तिथे नोंदवली तरच त्याला कळते. नाहीतर मुख्य रस्ता तुंबलेला पाहून तो गाड्यांना शेजारच्या अरुंद गल्लीत घालतो आणि गल्लीचं तोंड बंद असतं.

या गल्ल्यांचा प्रश्न सोयीपुरता उरत नाही. सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. एका बाजूला हॅचबॅक उभी आहे, रुंदी १.७ मीटर. समोर मोठी गाडी, १.८ मीटर. दोन्ही गटारापासून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लावलेल्या. मध्ये उरतात जेमतेम २.१ मीटर. अग्निशमन दलाचा मोठा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो, नियमांनुसार वाहनाला कमाल २.६ मीटरपर्यंत रुंदीची मुभा आहे. म्हणजे तो बंब आत जाणारच नाही. रुग्णवाहिका आरसे दुमडून, इंचाइंचाने जाईल. त्याच गल्लीत एकाच बाजूला गाड्या असतील तर चार मीटर रस्ता मोकळा राहतो आणि बंब विनासायास जातो. अधिसूचनेने रुग्णवाहिकेला आणि बंबाला दिलेली सूट या दोन मीटरवर अवलंबून आहे. नौपाडा आणि चरईत लहानमोठी रुग्णालयं आहेत, जुन्या लाकडी जिन्यांच्या इमारती आहेत, आणि दिवाळीत फटाकेही इथेच उडतात. म्हणून बंद भागाच्या चारही बाजूंनी किमान अर्धा किलोमीटरपर्यंत त्या दिवशी एकाच बाजूला पार्किंग हा नियम अधिसूचनेतच लिहिला पाहिजे. ज्या रस्त्यांवर सम-विषम तारखेच्या पाट्या आहेत तिथे हे आणखी गरजेचं. विसर्जन मध्यरात्रीनंतरही चालतं, बाराला तारीख बदलते आणि संध्याकाळी नियमाने लावलेली गाडी चुकीच्या बाजूला जाते. त्या वेळी कोण ती हलवायला येणार?

चालकांनाही आपला कायदा पुरता ठाऊक नसतो. मोटार वाहन चालविण्याबाबतच्या २०१७ च्या विनियमांनुसार चौकाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंत गाडी लावता येत नाही. पदपथावर, बसथांब्यापाशी, दुसऱ्या उभ्या गाडीला समांतर, कोणाच्या फाटकासमोर, अग्निशमन नळाला अडवून लावणं हेही मना आहे. आता नौपाड्यात दोन चौकांमधलं अंतर बऱ्याच ठिकाणी शंभर मीटरही नाही. नियम शब्दशः लावला तर तिथे रस्त्यावर एकही कायदेशीर जागा शिल्लक राहत नाही. त्यामुळे रोजचा व्यवहार ‘चालतंय’ या समजुतीवर चालतो आणि सणाच्या दिवशी तीच समजूत अंगाशी येते. मनाई असलेल्या जागेवरची गाडी कलम १२७ खाली उचलता येते किंवा तिला जॅमर लावता येतो, खर्च मालकाचा. पण टोइंगची गाडीच गर्दीत शिरू शकत नाही. उरतो तो ई-चलनाचा फोटो. सर्वसाधारण उल्लंघनाला पहिल्यांदा पाचशे रुपये, पुन्हा केल्यास दीड हजार. चौघांचं कुटुंब सणाला बाहेर पडलं की पाचशे रुपये अनेकांना पार्किंगचं भाडं वाटतात. चलन फाटतं, कोंडी तिथेच राहते. म्हणून बंदीची अंमलबजावणी आदल्या रात्रीच सुरू व्हायला हवी, रस्ता रिकामा असताना, टोइंगची गाडी फिरू शकत असताना.

मात्र आदल्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या पाहुण्यांच्या नसतात, त्या रहिवाशांच्या असतात. जुन्या ठाण्यातल्या तीन-चार मजली इमारती बांधल्या तेव्हा वाहनतळाचा विचारच नव्हता. तिथल्या कुटुंबाला ‘पहाटे सहाच्या आत गाडी हलवा’ एवढंच सांगितलं, तर ते ती शेजारच्या गल्लीत नेऊन लावणार. इथे सुट्टीचाच उपयोग करून घेता येतो. कोर्ट नाका परिसरात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय अशी सरकारी आवारं एकमेकांच्या जवळ आहेत. सार्वजनिक सुट्टीला ती बंद असतात आणि त्यांची अंगणं रिकामी असतात. आदल्या संध्याकाळी सातपासून ती रहिवाशांच्या गाड्यांसाठी उघडावीत. सोसायटीच्या पत्त्यावर मिळणारा एका दिवसाचा पास, फाटकावर महापालिकेचा एक कर्मचारी आणि एक सुरक्षारक्षक, सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत गाडी बाहेर. सुरक्षेच्या कारणावरून एखादं आवार वगळावं लागेल, पण सगळीच वगळण्याचं कारण नाही. गावदेवी मैदानाखालचं भूमिगत वाहनतळही त्या दिवशी बाहेरून येणाऱ्यांना न देता आसपासच्या रहिवाशांना आणि दिव्यांगांच्या वाहनांना राखून ठेवावं. स्टेशनच्या इतक्या जवळचं वाहनतळ सर्वांना खुलं ठेवलं की शेकडो गाड्या त्याच्या आशेने आत येतात. ते अर्ध्या तासात भरतं आणि उरलेल्या गाड्या गोखले रोडवर फिरत राहतात.

पाहुण्यांच्या गाड्या पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पलीकडेच थांबल्या पाहिजेत. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची जुनी औद्योगिक वसाहत. सुट्टीला तिथले बरेच कारखाने आणि कार्यालयं बंद असतात, अंतर्गत रस्ते रुंद आहेत आणि टीएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचा, आगारही तिथेच आहे. तलावपाळी तिथून दोन-तीन किलोमीटर. समजा पाचशे मोटारी तिथे आल्या, प्रत्येकी तीन माणसं. दीड हजार लोक. एका बसमध्ये पन्नास जण धरले तर तीस फेऱ्या. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं लागली तर एक बस दोन तासांत तीन फेऱ्या करते, म्हणजे दहा बसमध्ये काम होतं. ताफ्याकडे पाहता हे अशक्य नाही. अट एकच: त्या बसला वंदना एसटी आगार किंवा हरिनिवास चौकापर्यंत मोकळा रस्ता मिळाला पाहिजे. बस जर मोटारींबरोबरच कोंडीत उभी राहिली, तर पुढच्या वर्षी कोणीही गाडी वागळेला लावणार नाही.

शाळा-महाविद्यालयांची मैदानंही कामी येतात, पण हिशेब करून. मोकळ्या जागेत एका मोटारीला, तिच्या ये-जा करण्याच्या वाटेसह, २३ चौरस मीटर धरतात. साठ मीटर बाय चाळीस मीटरचं मैदान म्हणजे २,४०० चौरस मीटर, तिथे शंभर गाड्या बसतील. एवढ्याच जागेत चारशेच्या पुढे दुचाकी मावतात, त्यामुळे स्टेशनच्या जवळची मैदानं फक्त दुचाकींना द्यावीत. दिवाळी आणि गुढीपाडव्याला जमीन कोरडी असते. दहीहंडी आणि गणपती पडतात भर पावसात. मातीच्या मैदानात पहिल्या तीस गाड्या गेल्या की फाटकापाशी चिखल होतो, एक गाडी रुतते आणि बाकीच्या तिच्यामागे अडकतात. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असलेलीच आवारं घ्यावीत, आणि नाइलाज असेल तर किमान फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत खडी किंवा लोखंडी पत्रे टाकावेत. सगळ्यात जास्त गोंधळ बाहेर पडताना होतो. आत येताना गाड्या दोन तासांत पसरून येतात, बाहेर मात्र शेवटची हंडी फुटल्यावर एकदम निघतात. फाटकावर पावती तपासायला एका गाडीला बारा सेकंद लागले तर तासाला तीनशे गाड्या सुटतात. पैसे आत येतानाच घ्यावेत, बाहेर जाताना फाटक उघडं ठेवावं. आणि आत गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला करायला लावावं, म्हणजे निघताना कोणालाही रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

दहीहंडीचा प्रकार थोडा वेगळा. गोविंदा पथकं ट्रक, टेम्पो, बस आणि दुचाकींवरून एका हंडीवरून दुसरीकडे जात असतात. दहा मीटर लांबीचे दहा ट्रक एका ओळीत उभे राहिले की शंभर मीटर रस्ता गेला. पथक थर लावून परत येईपर्यंत तासभर सहज जातो. या पथकांची नावं आयोजकांकडे आधीपासून नोंदलेली असतात. नोंदणीबरोबरच वाहनाचा पास आणि ट्रक उभा करण्याची जागा द्यायला काय हरकत आहे? गोविंदांना हंडीच्या थोडं अलीकडे उतरवून ट्रकने पुढच्या ठरलेल्या जागी जाऊन थांबायचं, एवढं ठरलं तरी टेंभी नाक्याकडे येणारा रस्ता श्वास घेईल.

रिक्षांचा विचार तर कोणीच करत नाही. तलावपाळीचे रस्ते बंद झाले की स्टेशनवरून सुटणाऱ्या रिक्षा बॅरिकेडच्या कडेला गोळा होतात, कारण प्रवासी तिथेच बाहेर पडतो. त्यांना हाकलून उपयोग नाही, त्या चक्कर मारून परत येतात. बॅरिकेडपासून शंभर-दीडशे मीटर पुढे, वळणापलीकडे तात्पुरता रिक्षाथांबा आखून द्यावा, तिथे रांग लावून द्यावी आणि बॅरिकेडवर बाण दाखवावा. ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना सोडण्याची जागाही तिथेच असावी, दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही या अटीवर.

पार्किंग दिलं की आणखी गाड्या येतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच जागा महामार्गापलीकडे आणि पैसे घेऊन द्यायची, आत फुकट नाही. ठाण्याला येणाऱ्यासाठी लोकलच सगळ्यात बरी, पण सणाच्या सुट्टीला बऱ्याचदा रविवारचं वेळापत्रक असतं आणि गाड्या कमी असतात. अनंत चतुर्दशीला रात्री उशिराच्या विशेष लोकल सोडतात, तशी सोय दिवाळी पहाटेला आणि गुढीपाडव्याच्या सकाळी मागायला हवी. वाशी, नेरूळसारख्या सिडकोने आखलेल्या नोडमध्ये (उपनगरांत) स्टेशनलगत वाहनतळाला जागा सोडलेली आहे, रस्ते रुंद आहेत. तिथे गाडी लावून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येणं नवी मुंबईकराला सहज जमतं.

मनुष्यबळ नाही, असं पोलिसांकडून नेहमी ऐकू येतं आणि ते खोटं नाही. बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार बारा-बारा तास पायावर असतो. पण मंडळांना मंडपाची आणि कार्यक्रमाची परवानगी देताना स्वयंसेवकांची अट घालता येते. दहा स्वयंसेवक मंचापाशी ओळखपत्र गळ्यात घालून उभे असतात, त्यातले चार चौकात आणि वाहनतळाच्या फाटकावर हवेत, परावर्तक जाकीट घालून, एक दिवस आधी वाहतूक शाखेकडून शिकून. परवानगीच्या अर्जातच आयोजकाने लिहून द्यावं: येणाऱ्यांची अपेक्षित संख्या, त्यातल्या गाड्या किती, त्या कुठे उभ्या राहतील, तिथे कोण असेल. ज्या अर्जात हे रकाने रिकामे असतील, त्याला रस्ता बंद करून मिळू नये.